खरखर थोडी ठेवली आहे, ती का?

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. वडिलांच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्ड्स डिजिटल करायला आमच्याकडे दिल्या, तीन आठवडे लागले, तरी गाण्यांत खरखर राहिलीच. आणि भाच्याने तीच फाइल मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये टाकल्यावर दोन मिनिटांत आवाज स्वच्छ झाला, अशी तुमची तक्रार आहे. हा प्रश्न इतरांनाही पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या रेकॉर्ड्स लाखेच्या, ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या आहेत. त्या काळी ग्रामोफोनला पोलादी सुई असायची आणि तिच्यावर चांगलंच वजन, त्यामुळे दर वेळी वाजवताना रेकॉर्डवरची, आवाज कोरलेली खाच थोडी थोडी झिजायचीच. वडिलांना कोणतं पद सर्वांत आवडायचं, हे मला विचारावं लागलं नाही. ती बाजू राखाडी पडली आहे आणि गायक तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर गेला की तिथे आवाज फाटतो. ते फाटणं खाचेतच आहे. कुठल्याही सॉफ्टवेअरला ते पूर्ण भरून काढता येत नाही.

त्यात ही पेटी १९६१ च्या पानशेतच्या पुरात भिजलेली, हे तुम्हीच सांगितलं होतंत. खाचांमध्ये गाळ वाळून बसला होता. एलपी, म्हणजे नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या रेकॉर्ड्स, पुसायला वापरतात ती अल्कोहोलची द्रावणं इथे चालत नाहीत, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, मधलं लेबल कोरडं ठेवायचं आणि मग नीट वाळू द्यायचं. एक बाजू वाजते जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, पण ती वाजवण्याजोगी व्हायला किती वेळ लागतो ते गाळावर ठरतं. तुमचे तीन आठवडे बहुतेक इथेच गेले.

सुईचंही तसंच. एलपीची सुई साधारण २५ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक असते. ७८ च्या रुंद खाचेत ती तळाशी जाऊन बसते आणि तिथला सगळा कचरा वाजवते. या रेकॉर्ड्सना ७५ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. झिजलेल्या बाजूंना मी थोड्या वेगळ्या जाडीच्या सुयाही लावून पाहतो, कारण जुन्या सुईने जिथे घासलेलं नाही त्या उंचीवर खाचेची भिंत सापडली तर आवाज लगेच उजळतो. तुमच्या दोन-तीन पदांना याचा फार उपयोग झाला.

आता अ‍ॅपबद्दल. भाच्याने केलेली फाइल पुन्हा ऐका, पण या वेळी तबल्याकडे कान द्या. रेकॉर्डवरची टिक आणि तबल्याची चाट संगणकाला जवळपास सारखीच दिसते: क्षणभराचा तीक्ष्ण आवाज. अ‍ॅप दोन्ही कापतं आणि मागे बोथट ठोका उरतो. सततची खरखर ज्या पट्ट्यात असते, त्याच पट्ट्यात गायकाचे ‘स’ आणि ‘श’ असतात, सारंगीच्या गजाचं घासणं असतं. खरखर सरसकट पुसली की तेही पुसलं जातं. नाट्यपदातले शब्दच कळेनासे झाले तर काय ऐकायचं? म्हणून मोठ्या टिक एकेक पाहून काढल्या, खरखर कमी केली आणि शब्द बोथट व्हायला लागले तिथे थांबलो. हा निर्णय माझा आहे आणि आजही मी तोच घेईन.

तरीही तुम्हाला आवाज याहून शांत हवा असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन या. आणखी साफ केलेली वेगळी प्रत पैसे न घेता करून देतो. भाच्यालाही आणा, हेडफोनवर सगळ्या प्रती एकामागोमाग लावू. फक्त ‘मूळ’ नावाचं फोल्डर पुसू नका. त्यातल्या २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइल्स तासाला सुमारे दोन जीबी जागा खातात, पण सुईने उचललेलं सगळं त्यांत आहे. पुढे याहून चांगलं तंत्र आलं तर त्यांच्यावरच काम करता येईल. मोबाईलवर ऐकायला एमपी३ वेगळ्या दिल्या आहेत.

रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. ज्या पाकिटावर मी लाल चिठ्ठी लावली आहे ती रेकॉर्ड कडेला तडकली आहे, ती घरी वाजवू नका.