किती वेळ देता ते नंतर, आधी बंद कसा होतो ते सांगा

मुलांना दिवसाला किती वेळ मोबाईल द्यावा असं कुणी विचारलं की मी हल्ली उलट विचारते, तुमच्याकडे तो बंद कसा होतो? तासांचे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात हो, पण बंद करायच्या वेळी घरात काय चालतं ते सहसा कुणी सांगत नाही. ओढाओढी, "शेवटचं, शेवटचं, प्रॉमिस", मग भोकाड, मग आपला चढलेला आवाज, मग मोबाईल कपाटावर, आणि दुसऱ्या दिवशी आपल्यालाच काहीतरी काम निघालं की तोच मोबाईल आपणच काढून त्याच्या हातात देतो. माझं तर स्पष्ट मत झालंय की स्क्रीनवरून होणारी घरातली अर्धीअधिक भांडणं ही संपवण्यावरून होतात. थांबायचं कसं हे मुलाला कुणी शिकवलेलं नसतं, आणि समोरच्या अ‍ॅपला तर त्याने थांबायलाच नको असतं.

आता तासांचं आधी उरकून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये तेच येणार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलं की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर आणखी चांगलं. स्वीडनच्या सरकारी आरोग्य खात्यानं २०२४ मध्ये पुढच्या वयाचे पण आकडे दिले, ६ ते १२ वर्षांना एक ते दोन तास आणि १३ ते १८ वर्षांना दोन ते तीन तास. उलट अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये मोठ्या मुलांसाठी एकच एक आकडा सांगायचं टाळलं, म्हणाले झोप, खेळणं, अभ्यास, घरच्यांसोबतचा वेळ हे सगळं नीट होतंय ना ते बघा आणि घरानं आपापलं ठरवा. मला हे जास्त पटतं. दोन तास आजीसोबत बसून प्राण्यांचा कार्यक्रम बघणं आणि दोन तास पांघरुणात डोकं घालून रील्स सरकवणं, घड्याळात सारखेच दिसतात.

पण दोन वर्षांच्या आतल्या बाळांबाबत मी कडक आहे. "पण त्यातून शब्द शिकतो ना" असं जे म्हणतात त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर खरी बाई बसून बोलायची, खेळणी दाखवायची, आणि काहींना तसंच सगळं व्हिडिओवर दाखवलं. समोर माणूस होता ती बाळं त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला लागली, व्हिडिओवाल्या बाळांना ऐकवलं न ऐकवलं सारखंच. माणूस बाळाकडे बघतो, बाळ बघेल तिकडे बघतो, ते हसलं की थांबतो, स्क्रीनला यातलं काही येत नाही. म्हणूनच लांबच्या मामाशी व्हिडिओ कॉल चालतो, अमेरिकेतल्या त्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पण व्हिडिओ कॉल वेगळा धरलाय, कारण तिकडून कुणीतरी खरंच उत्तर देत असतं.

बरं, आता बंद करण्याबद्दल.

आपण सगळे काय करतो, तर आधी सूचना देतो. "दोन मिनिटं राहिली हं". समजूतदार आईवडील असंच करतात असं आपल्याला वाटतं, मला पण वाटायचं. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातच अलेक्सिस हिनिकर आणि त्यांच्या टीमनं एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी स्क्रीन बंद करताना नेमकं काय होतं त्याच्या नोंदी जमवल्या, आणि निघालं काय, तर दोन मिनिटांची सूचना दिली की रडारड जास्त! त्यांना स्वतःलाच हे अपेक्षित नव्हतं. आणि सोपं कधी गेलं, तर रोजच्या ठरलेल्या वेळेत बसत असेल तेव्हा, किंवा जे चाललंय ते आपोआप संपलं तेव्हा, एपिसोड संपला, नाहीतर बॅटरीच गेली. वायफाय गेलं तर मूल वायफायवर चिडतं, आईने काढून घेतलं तर आईवर.

विचार केला की बरोबर वाटतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे काय कळणार? त्याला एवढंच कळतं की आता ही हिसकावणार. आमचा धाकटा पाच वर्षांचा आहे, त्याचं मी नीट बघितलंय. गोष्टीच्या मध्येच हात घातला की त्याचं अख्खं अंग ताठ होतं, टॅब छातीशी, हनुवटी टॅबवर, आणि तोंडातून शब्द यायच्या आधी नाकातून आवाज. तोच एपिसोड पूर्ण होऊ दिला, शेवटचं म्युझिक लागलं, नावं वर जायला लागली की तो स्वतः मान वर करतो. त्या क्षणी खोलीत कोण आहे ते त्याला दिसतं. तेव्हा मी शेजारी असेन तर काम झालं, स्वयंपाकघरात असेन तर पुढचा एपिसोड सुरू.

म्हणून मी आता मिनिटं बोलतच नाही. एक एपिसोड, कधी दोन, ते आधी ठरतं, आणि शेवट व्हायच्या जरा आधी मी त्याच्याजवळ जाऊन बसते आणि जे चाललंय त्यातलंच विचारते, हा अस्वल का रुसलाय, या मांजराची आई कुठे आहे. पहिल्या प्रश्नाला उत्तर येत नाही. दुसऱ्याला "थांब ना" येतं. तिसऱ्याला तो सांगायला लागतो, आणि सांगायला लागला की अर्धा बाहेर आलेला असतो. पुढे काय करायचंय तेही आधीच माहीत असलेलं बरं, नुसतं "बंद कर" म्हटलं की समोर मोठी पोकळी असते आणि त्या पोकळीत मुलं गळा काढतात. तरी रडतो कधीकधी. रडू दे. रडला म्हणून आणखी एक लावून दिला की मग रडणंच रिमोट होऊन बसतं.

आणि ही सगळी मेहनत करावी लागते कारण शेवट नावाची गोष्टच काढून टाकलीय. आपल्या लहानपणी कार्यक्रम संपायचा आणि बातम्या लागायच्या, कुठल्या मुलाला बातम्या बघायच्या असतात, उठून जायचो. आता एक संपायच्या आत कोपऱ्यात दुसऱ्याचं चित्र येऊन आकडे उलटे मोजायला लागतात. ऑटोप्ले. आणि रील्स-शॉर्ट्सला तर तेवढा पण विराम नाही, खाली सरकवत जा, तळ लागतच नाही. असा न संपणारा स्क्रोल २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरनं बनवला आणि नंतर त्यानेच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. त्यात दर सरकवण्याला काय येईल ते माहीत नसतं, पाच भंगार आणि सहावं भन्नाट, त्यामुळे सहाव्याच्या आशेने अंगठा चालूच. मोठ्या माणसांना आवरत नाही ते, आणि आपण आठ वर्षांच्या पोराला म्हणतो तुला स्वतःला कळायला नको का!

त्यामुळे लहान मुलांना शॉर्ट्स आणि रील्स नाहीच, हा आमच्याकडचा एकमेव पूर्ण बंदीचा नियम. लांब गोष्ट बघ, सिनेमा बघ अख्खा, पण सरकवायचं नाही. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करता येतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आजच करा. यूट्यूब किड्समध्ये टायमर आहे, वेळ संपली की अ‍ॅपच लॉक होतं, म्हणजे वाईट आपण ठरत नाही. त्याहून बरं म्हणजे ठरलेले एपिसोड डाऊनलोड करून नेट बंद करून द्यायचे, संपले की संपले. आणि शक्य असेल तर हातातल्या फोनपेक्षा हॉलमधला टीव्ही. टीव्हीवर काय चाललंय ते येता-जाता सगळ्यांना दिसतं, मध्ये कुणी हसतं, कुणी "हे काय बघतोस" म्हणतं, आणि टीव्ही काही पांघरुणात नेता येत नाही.

फोनमधली लॉक-बिक मी वापरते पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. गूगलचं फॅमिली लिंक आहे, आयफोनमध्ये स्क्रीन टाईम २०१८ पासून आहे. पण त्या आयफोनवाल्यांनी वेळ संपली की "आणखी एक मिनिट" असं बटण दिलंय, ते बघून मला हसावं की रडावं कळेना. आणि दहा वर्षांवरच्या पोरांसमोर आपल्या पासवर्डची काय कथा, ती काचेवरचे बोटांचे ठसे बघून ओळखतात.

मोठ्या मुलाचं प्रकरण वेगळं. बारा वर्षांचा आहे, मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळतो. "जेवायला ये" म्हटलं की "आई मॅच मध्ये सोडता येत नाही". त्याचे बाबा म्हणायचे, सोडता कसं येत नाही, बटण दाब. मग एक दिवस मी शेजारी बसून बघितलं तर खरंच, टीमचा गेम असतो, मध्येच निघालं की बाकीचे अडकतात आणि बऱ्याच गेममध्ये सोडून जाणाऱ्याला पुढे शिक्षा पण होते, थोडा वेळ खेळूच देत नाहीत. म्हणजे त्याच्या दृष्टीने आपण त्याला मित्रांना दगा द्यायला सांगतोय. आता बोलणं असं होतं की ही मॅच शेवटची, नवीन सुरू करायची नाही. नवीन मॅच सुरू करायच्या आधी पकडायचं, ती एकच वेळ खरी. पकडायची ती वेळ चुकली की आमटी पुन्हा गरम करायची, वाद घालायचा नाही.

आणखी एक ठिकाण जिथे मी अडून बसते, रडतंय म्हणून फोन. प्रवासात, डॉक्टरकडे इंजेक्शनच्या वेळी, कधीतरी ठीक आहे, त्यावरून कुणाला नावं ठेवणारी मी नाही. पण रोजचं गप्प करायचं औषध म्हणून नको. मिशिगन विद्यापीठातल्या जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांची मुलं काही महिने अभ्यासली, २०२२ च्या शेवटी ते प्रसिद्ध झालं. शांत करायला वारंवार डिव्हाइस दिलं जायचं त्या मुलांमध्ये भावनांचा उद्रेक नंतर जास्त दिसला, विशेषतः मुलग्यांमध्ये आणि मुळातच चंचल असलेल्या मुलांमध्ये. राग आला की काय करायचं हे त्या वयात राग येऊनच शिकायचं असतं, दरवेळी कार्टून मध्ये आलं तर शिकणार कधी. कंटाळ्याचं पण तसंच. "कंटाळा आला" म्हटलं की आम्ही "हं" म्हणतो. पहिला काही वेळ मागे मागे फिरतो, भुणभुण करतो, सोफ्यावर उलटा लटकतो, आणि मग कुठूनतरी उशांची गाडी तयार होते.

याच रॅडेस्कींनी २०१४ मध्ये रेस्टॉरंटमध्ये मुलांसोबत आलेल्या ५५ मोठ्या माणसांचं गुपचूप निरीक्षण केलं होतं, त्यातल्या ४० जणांनी जेवताना फोन काढलाच. मुलांना सांगताना हे लक्षात ठेवलेलं बरं. आमच्याकडे रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला असतात, बेडरूममध्ये कुणाचाच नाही. नवऱ्याने "अलार्मचं काय" म्हणून बरीच कुरकुर केली, त्याला गजराचं घड्याळ आणून दिलं. पोरांनी तेव्हापासून या नियमावर ब्र काढलेला नाही, कारण बाबांचाही फोन बाहेर असतो हे ते रोज जाऊन तपासतात.

सोशल मीडियावर अकाउंट काढू दे म्हणून थोरल्याने आतापासूनच सुरू केलंय, "तेरा झाले की चालतं". हे तेरा वर्षं कुठून आलं माहितेय का? मुलांच्या मेंदूचा वगैरे अभ्यास करून नाही आलेलं. अमेरिकेत १९९८ मध्ये मुलांची माहिती गोळा करण्याबद्दल कायदा झाला, तेराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायला आईवडिलांची परवानगी लागते, म्हणून कंपन्यांनी तेराची रेघ मारली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आत अकाउंटच नाही असं केलंय. तिथली मुलं पळवाटा शोधणारच, पण "सगळ्यांकडे आहे" हे वाक्य तरी लंगडं पडेल. त्या वाक्यासमोर एकटी आई काही करू शकत नाही. त्याच्या जवळच्या मित्रांच्या आयांशी मी बोलले, आम्ही मिळून ठरवलं की आत्ता कुणालाच नाही. तीन घरं तयार झाली, एक नाही झालं. तीन पण पुष्कळ झाली.

आणि घाबरवणारे फॉरवर्ड पाठवू नका कृपा करून. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली, तर मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाशी स्क्रीनचा संबंध लागला. यावर संशोधकांचे अजून जोरात वाद चाललेत आणि सरासरीमागे एखादं खरंच त्रासात असलेलं मूल झाकलं जाऊ शकतं, ते मान्य. पण मोबाईल हातात घेतला म्हणून पोरगं वाया गेलं असं काही नसतं.

माझ्या सगळ्या व्यवस्थेला भोक एकच आहे, होमवर्क. शाळेचा अभ्यास संध्याकाळी ग्रुपवर येतो, फोटो काढून परत पाठवायचा असतो, म्हणजे नेमका ज्या वेळी फोन लांब ठेवायचा त्याच वेळी तो मागायला कायदेशीर कारण. फोटो बघायला म्हणून घेतो आणि खालून कुणाचातरी व्हिडिओ आलेला असतो. सध्या मी तो फोटो कागदावर उतरवून देते, जे मला फार दिवस जमणार नाही. ज्यांनी यावर काही काढलंय त्यांनी खाली लिहा, प्रिंटर घ्या एवढं सोडून.