आवाज येतोय? काच वर घ्या

नवी एसयूव्ही दारात उभी आहे, बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची वाळून गेलंय, हप्ता दर महिन्याला न चुकता कटतोय, आणि आता हळूहळू तुमच्या लक्षात यायला लागलंय की जुनी गाडी लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर द्यायची आणि ही बारा द्यायला पण कुरकुर करते, वरून सकाळी स्टार्ट केली की बोनेटखाली टिकटिक टिकटिक. घाबरू नका. तुमच्यासारखे लई आहेत, फक्त कुणी बोलत नाही, आणि माझा पहिला सल्ला पण तोच आहे, बोलू नका.

कारण आपल्याकडं नवी गाडी बघितली की माणूस एअरबॅग विचारत नाही, ब्रेक विचारत नाही, सरळ विचारतो, "किती देते?" लग्नाच्या मांडवात विचारतो, दहाव्याला विचारतो, आणि याला खरं उत्तर देणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्माला यायचाय. दाजी अठरा म्हणले तर तुम्ही एकोणीस सांगायचं. मग मामा म्हणतील "मव्ही तर हायवेला बावीस देती", तिथं मात्र गप बसायचं, कारण मामाची गाडी नऊ देते हे मामी आत बायकांत बसून मघाशीच सांगून मोकळ्या झाल्यात.

आता खरा आकडा निदान स्वतःला तरी कळू नये याची सोय करा. टाकी कधीच फुल करायची नाही. पंपावर जायचं, काच चार बोटं खाली घ्यायची, "पाचशेचं टाक" म्हणायचं आणि निघायचं. काही येडे लोक एकाच पंपावर ऑटो कट होईपर्यंत टाकी भरतात, ट्रिप मीटर झिरो करतात, तीन-चारशे किलोमीटर चालवून परत तिथंच ऑटो कटपर्यंत भरतात आणि किलोमीटरला लिटरने भागतात, असल्या लोकांना रात्री झोप लागत नाही. तुम्ही समोरच्या स्क्रीनवर विश्वास ठेवा. त्यातही मांजरसुंब्याचा घाट बीडकडं उतरताना ट्रिप रिसेट करायची आणि खाली पोचायच्या आत फोटो काढायचा, तीस-पस्तीसचा आकडा दिसतो, तो फॅमिली ग्रुपवर टाकून मोबाईल बंद करून ठेवायचा.

तरी मन ऐकत नसेल आणि "शोरूमवाल्याने तर अठरा सांगितलं होतं" असं सारखं वाटत असेल तर शोरूमवाल्याला दोष देऊ नका, पोरगं खोटं बोललेलं नाही. तो आकडा टेस्टमधला आहे. टेस्ट म्हणजे गाडी लॅबमध्ये रोलरवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरतात, एसी बंद, सगळा खेळ वीस मिनिटाच्या आत उरकतो, सरासरी स्पीड ताशी ३२ च्या आसपास आणि जास्तीत जास्त ९०. त्या रोलरवर पाडळशिंगीचा टोल नाही, उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून रस्त्याच्या मधोमध चाललेला ट्रॅक्टर नाही, मागच्या सीटवर पाच पाव्हणे आणि डिकीत ज्वारीचं पोतं नाही. तेव्हा तुम्हाला अठराच पाहिजे असतील तर सोप्पंय, मे महिन्यात एसी बंद करा, काचा लावून घ्या, ३२ ने चालवा आणि शक्यतो कुठंच जाऊ नका.

आणि हो, गाडीला गाडीसारखं ठेवू नका. कंपनीने एवढे इंजिनिअर बसवून, वारा कसा कापला जाईल ते बघून गाडीचं तोंड बनवलं, त्यावर लगेच लोखंडी बंपर गार्ड ठोका. त्याला २०१७ पासून केंद्राची बंदी आहे म्हणतात, पण बंदी आहे म्हणूनच तर भारी दिसतो. वर कॅरिअर बसवा, त्यावर काही ठेवायचं नसलं तरी बसवा. टायर कंपनीचे काढून दोन साईज मोठे आणि रुंद टाका, रुंद टायर रस्त्याला जास्त घासतो म्हणून तेल जास्त जातं, आणि मोठ्या टायरमुळं मीटर खरं अंतर झालं त्यापेक्षा कमी दाखवतं म्हणून ॲव्हरेज काढलं तर अजूनच कमी भरतं, म्हणजे दोन्हीकडून फायदा. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला स्टिकरवर छापलेलं असतं, ते वाचायचं नाही, पंक्चरवाल्याला विचारायचं, तो ट्रॅक्टरला पण अंदाजेच भरतो.

मग अशी नटवलेली गाडी समृद्धीवर काढा. तिथं कारला १२० ची लिमिट आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने १४० ला परवानगीच झाली. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो, ८० चे १२० केले तर तो सव्वादोन पट होतो, आणि एसयूव्ही म्हणजे आधीच उभी भिंत. पण जालन्याहून नागपूरला अर्धा तास आधी पोचून सासऱ्याच्या दारात चहाची वाट बघत बसायला मिळतं, त्यापुढं तीन-चार लिटर काय घेऊन बसलात.

गाडी उभी असताना पण काटकसर नको. बाजार समितीत किंवा तहसीलला काम असलं की गाडी बाहेर लिंबाखाली लावायची, इंजिन चालू, एसी फुल, ड्रायव्हर आत मोबाईल बघत, तुम्ही आत साहेबाची वाट बघत. तासाला लिटरभराच्या आसपास तेल जातं आणि गाडी एक इंच पण हलत नाही. आपल्याकडं गाडी बंद करून उन्हात उभा राहणारा माणूस साधा ग्रामपंचायत सदस्य पण निवडून येत नाही, त्यामुळं हा खर्च राजकारणात धरा, गाडीत धरू नका.

आता येतो इथेनॉलचा विषय, इथं मात्र तुमची छाती फुगायला पाहिजे. पंपावर आता जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे २० टक्के मिसळलं की लिटरमागं सहा-सात टक्के ताकद गेली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात पण हेच लिहिलंय, की आधीच्या पेट्रोलसाठी बनलेल्या कारचं ॲव्हरेज सहा-सात टक्के घटेल, आणि या २० टक्केवाल्या पेट्रोलसाठीच, म्हणजे ई-२० साठी, ट्यून केलेल्या नव्या गाड्यांचं एक-दोन टक्के. दर मात्र सहा-सात टक्क्यांनी घटला नाही, तो कामून घटला नाही असं पंपावरच्या पोराला विचारू नका, ते बिचारं बारा तास उन्हात उभं असतंय. आणि परभणीत तर चुकूनही विचारू नका, राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून परभणी किती वेळा बातमीत आलीय, तिथली माणसं आता त्याचं वाईट वाटून घेत नाहीत, निदान त्या निमित्ताने तरी नाव येतं म्हणतात.

पण छाती कशाने फुगायची ते ऐका. त्याच अहवालात असं दिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. तुमची टाकी पन्नास लिटरची धरा, त्यात दहा लिटर इथेनॉल, सगळं उसाचं धरलं तर २८,६०० लिटर पाणी. आपल्याकडं उन्हाळ्यात गावात येतो तो बारा हजारी टँकर, तसले दोन टँकर आणि वर थोडं, तुमच्या एका फुल टाकीत. (आजकाल मक्याचं आणि तांदळाचं पण इथेनॉल बरंच येतं, त्यामुळं हिशेब इकडंतिकडं होईल, पण शेजाऱ्याला सांगताना उसाचंच सांगा, ऐकायला भारी वाटतं.) २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायला पाणी आणावं लागलं होतं, आठवतंय ना, घागरी घेऊन माणसं रात्र-रात्र नळावर बसायची, आणि आता तेच पाणी बोअरमधून उसाला, उसातून कारखान्याला, कारखान्यातून पंपाला आणि पंपातून तुमच्या एसयूव्हीला असं स्वतःच्या पायाने चालत येतं. एवढी सोय दुसऱ्या कोणत्या भागात आहे सांगा. वरून ऊस आपलाच, फडातून निघालेली ट्रॉली आपल्याच पुढं पंधराच्या स्पीडने चाललेली, तिच्यामागं आपण दुसऱ्या गिअरवर तेल जाळत, आणि जे तेल जळतंय त्यात पण तिचाच भाऊबंद.

बरं, आवाजाचं. आवाजाची पहिली ट्रीटमेंट म्हणजे काच वर घेणे, दुसरी म्हणजे गाणे लावणे. याने ऐंशी टक्के आवाज जातात आणि उरलेले बायकोला ऐकू येतात. ती म्हणली "इंजिन कामून असं करायलंय" तर म्हणायचं, नव्या गाडीचं असंच असतं. आणि गंमत म्हणजे काही वेळा ते खरंच असतं, डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनला इंजेक्टरची आणि पंपाची टिकटिक असतेच, सकाळी थंड इंजिन आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, थोडे चढवून ठेवतं कारण त्याला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवायचा असतो, आणि तीन सिलिंडरचं इंजिन थोडं थरथरतंच. म्हणजे तुम्ही खोटं बोलायला गेलात आणि निघालं खरं. असं झालं तर वाईट वाटून घेऊ नका.

डिझेलवाल्यांची मजा वेगळी. धुराच्या नव्या नियमातल्या, म्हणजे बीएस सिक्स डिझेल गाडीला सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरून ठेवणारा डीपीएफ असतो, तो भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल जाळून त्याला सहाशे डिग्रीच्या आसपास तापवते आणि काजळी राख करते. तेव्हा उभ्या गाडीत पण इंजिनचं आरपीएम वाढतं, फॅन घुंऽऽ करून पळतो, करपल्यासारखा वास येतो, ॲव्हरेज पडतं. हे नीट व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका दमात साठच्या वर पळायला पाहिजे. तुम्ही काय करायचं, घर ते चौक, चौक ते चहा, चहा ते शेत, आणि मधेच काजळी जाळायचं काम चालू असलं की चावी फिरवून बंद. असं सहा महिने केलं की न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल मोजायच्या पट्टीवर, म्हणजे डिपस्टिकवर, ऑइलची पातळी वाढलेली दिसते. वाढलेली! जगात सगळ्यांचं ऑइल कमी होतं, तुमचं वाढतंय, त्याला बरकत म्हणतात, नारळ फोडा. डीपीएफची लाईट लागलीच तर चौकातला एखादा जाणकार म्हणेल "डीपीएफ काढून फेका, निस्ती कटकट", लगेच ऐका. ते बेकायदेशीर आहे आणि वॉरंटी जाते, पण धूर कसा काळाभोर निघतो, मागच्याला कळतं कोण चाललंय.

तेल वाचवायचा एक जुना उपाय तुम्हाला बप्पांनी शिकवला असेल, लवकर टॉपचा गिअर टाकायचा आणि पाय हलका ठेवायचा. चाळीसच्या स्पीडला पाचवा टाका, मग चढ आला की गिअर न बदलता पाय दाबा. इंजिन खडखड करेल, त्याला गाडी बोलते असं समजा. टर्बो पेट्रोलमध्ये अशा वेळी कमी आरपीएमला जास्त जोर पडून ठिणगीच्या आधीच पेट घ्यायचा प्रकार होतो, पिस्टन फुटल्याच्या केसेस पण त्यातूनच होतात, पण गिअर कमी करणं म्हणजे माघार आणि आपण काय माघार घेणारे नाही.

एवढं सगळं करून पण आवाज जात नसेल तर सर्व्हिस सेंटर आहेच. जायच्या आधी काहीही तपासू नका. आवाज आरपीएमबरोबर वाढतो की चाकाच्या स्पीडबरोबर, उभ्या गाडीत रेस दिली तर येतो का, खालचं प्लास्टिकचं गार्ड एका क्लिपवर लोंबकळतंय का, एअर फिल्टर उघडला तर त्यात किती एकर काळी माती निघते, यातलं एक जरी तुम्ही बघून गेलात तर तिथल्या पोरांचा आत्मविश्वास जातो. तुम्ही एवढंच सांगा, "आवाज येतोय." मग ॲडव्हायजर बाजूला बसेल, तुम्ही गाडी काढाल आणि आवाज बंद होईल. हे कायम होतं, देवाची करणी आहे. तो म्हणेल "सर हे सगळ्याच गाड्यांना असतंय", ॲव्हरेजचं विचारलं तर "सर तुमचा ड्रायव्हिंग पॅटर्न", आणि मग सॉफ्टवेअर अपडेट, इंजिन फ्लश, तेलात टाकायची एक बाटली, थ्रॉटल क्लिनिंग, असं बिल हातात येईल. गाडी मात्र धुऊन मिळेल. चकाचक धुतलेली गाडी कमी आवाज करते हा सगळ्यांचा अनुभव आहे.

फक्त एक काळजी घ्या, तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्यायची नाही. लिहून घेतली, किलोमीटर टाकले, तारीख टाकली आणि कॉपी जपून ठेवली तर वॉरंटी संपल्यावर तुमच्याकडं पुरावा राहतो की हा आवाज आधीपासून होता, मग कुणी १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला फोन लावायला सांगतं, पुढं ग्राहक आयोग, आणि एवढ्या चांगल्या ओळखी बिघडतात. त्यांनी आपल्याला घेताना सीट कव्हर फुकट दिलं होतं, तेवढी तरी जाण ठेवा.

आणि शेवटी विकायचीच झाली तर जाहिरातीत "सिंगल हॅन्ड, फॅमिली यूज, ॲव्हरेज १८" एवढं पुरे. घेणारा पाव्हणा येणार असेल त्याच्या आधी अर्धा तास गाडी फिरवून इंजिन गरम करून ठेवा, थंड इंजिनची टिकटिक गरम झाल्यावर बरीच दबते. पाव्हणा हुशार निघाला, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणला "आवं, गरम कामून हाय?" तर सांगायचं, एप्रिल चालूय, परभणीत उभे आहात, तुमचं डोकं पण गरमच लागंल.