ओल्या चड्डीत बसवून मूल शिकत नाही

परवा रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीने एक फॉरवर्ड पाठवला. खाली एकच ओळ, "ताई, माझंच चुकतंय का गं?" तिची मुलगी सव्वादोन वर्षांची. डायपर सोडवायला घेतल्याला दहा दिवस झालेत, आणि त्या दिवशी पोरीने चार चड्ड्या ओल्या केल्या होत्या. हाच मेसेज त्याआधी मला तीन ग्रुपवर आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. सोडायला नको होता.

मेसेजचं म्हणणं असं: कुठलंही मूल तीन दिवसांत शी-शू सांगायला शिकतं. दीड वर्षाच्या आत सुरुवात केली नाही तर पुढे जड जातं. शिकवूनही चड्डीत करणारं मूल मुद्दाम करतं, म्हणून त्याला अर्धा तास तसंच ओलं बसवा, चारचौघांत सांगा, लाज वाटली की सुधारेल. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद केलं की अंथरूण कोरडं राहतं. आणि एवढं करूनही जमत नसेल तर आईकडे संयम नाही.

तीन दिवसांच्या गोष्टीत अर्धं खरं आहे, ते मान्य करते. फॉक्स आणि अझ्रिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली, २० ते ३६ महिन्यांची ३४ मुलं सरासरी चार तासांत शिकल्याचं प्रसिद्ध केलं होतं. ज्या मुलाला शू येतेय हे आधी कळतं, जे दोनेक तास कोरडं राहतं, ज्याला चड्डी स्वतः खाली ओढता येते, ते दोन-तीन दिवस नीट लक्ष दिलं तर पटकन शिकूही शकतं. पण म्हणून 'कुठलंही मूल'? बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात स्वतःकडे येणाऱ्या ११७० मुलांच्या दहा वर्षांच्या नोंदी मांडल्या. त्यांत दिवसा कोरडं राहण्याचं सरासरी वय निघालं साडेअठ्ठावीस महिने. सरासरी म्हणजे कितीतरी मुलं त्याच्याही नंतरची. माझी भाची आज सत्तावीस महिन्यांची आहे. तिला कसलाही उशीर झालेला नाही.

दीड वर्षाच्या मुदतीलाही काही आधार नाही. त्याच नियतकालिकात २००३ साली आलेल्या एका अभ्यासात, सत्तावीस महिन्यांच्या आधी कसून शिकवायला घेतलेली मुलं डायपरमधून लवकर सुटली नाहीत. शिकवण्याचा काळ तेवढा लांबला.

आता त्या ओल्या चड्डीबद्दल. मला राग आला तो इथे. बहिणीने फोनवर सहज सांगितलं की पोर शी लागली की पडद्याआड जाते, चवड्यांवर उभी राहते, पाय एकमेकांत आवळते, पडद्याची कड घट्ट धरते, तोंड लाल होतं. घरच्यांना वाटलं जोर लावतेय, म्हणून तिला उचलून पॉटीवर बसवायचे आणि ती किंचाळायची. ती जोर लावत नव्हती, शी दाबून धरत होती. दोन्ही अगदी सारखं दिसतं, त्यामुळे भल्याभल्यांची फसगत होते.

दाबून धरलं की पुढे काय होतं ते मेसेज लिहिणाऱ्याने एकदा समजून घ्यावं. आतड्यात थांबलेल्या शीतलं पाणी शोषलं जातं, ती घट्ट होते, खडा होतो. तो बाहेर येताना दुखतं, कधी कधी चीर पडते. दुखलं की मूल पुढच्या वेळी आणखी घट्ट धरतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं की मलाशय ताणलं जातं आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग त्या खड्याच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डीला लागते आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो. भरलेलं मलाशय मूत्राशयावर दाबतं, म्हणून शूसुद्धा निसटते. घरच्यांना दिसते ती फक्त खराब चड्डी, आणि 'मुद्दाम करतंय' हे पक्कं होतं. अशा मुलाला तुम्ही अर्धा तास तसंच बसवणार, पाहुण्यांसमोर सांगणार? ते घाबरून आणखी दाबून धरणार, म्हणजे ज्या गोष्टीची शिक्षा देताय तीच वाढणार. ओल्यात बसून कातडी सोलवटते ते वेगळंच.

रात्रीच्या पाण्याबद्दल थोडक्यात. झोपेत शू थांबवणं शिकवून येत नाही. रात्री लघवी कमी तयार करवणारं संप्रेरक आणि मूत्राशय भरलं की जाग येणं, दोन्ही आपापल्या वेळेने येतात. पाच वर्षांच्या शंभर मुलांतली साधारण पंधरा अजून अंथरूण ओलं करतात. झोपायच्या आधी तांब्याभर पाणी पाजू नये, हे ठीक. पण तहानलेल्या मुलाला सहापासून पाणी तोडणं क्रूर आहे, आणि पाणी कमी पडलं की शी आणखी घट्ट होते.

राहिला आईचा संयम. बाबा या अख्ख्या मेसेजमध्ये कुठेच नाही, हे मला आधी सांगायचंय. दुसरं, मी स्वतः संयम हरलेली आई आहे. माझा मुलगा तीनचा होत आला होता. सकाळी निघायची घाई, तिसरी चड्डी, आणि मी ओरडले, "किती वेळा सांगायचं तुला?" चार दिवसांनी खोलीत वास यायला लागला. कपाटामागे दोन ओल्या चड्ड्या कोंबलेल्या सापडल्या. माझ्या ओरडण्यातून तो सांगायला शिकला नाही, लपवायला शिकला. त्या चड्ड्या हातात घेऊन मी किती वेळ बसून होते.

त्यानंतर मी बदलले ते काही मन मोठं झालं म्हणून नाही. मुद्दाम करत नाही हे पटलं, त्यामुळे राग कमी येऊ लागला. दर दहा मिनिटांनी "शू आली का?" विचारणं बंद केलं. जेवण झालं की आतडी आपोआप हलतात, म्हणून जेवणानंतर वीसेक मिनिटांनी पाच मिनिटं बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा. पाय लोंबकळत असतील तर मोठ्यांनाही नीट होत नाही. झालं तर छान, नाही झालं तर उठून खेळायला जायचं. सुक्या चड्ड्यांचा ढीग आणि पुसायचं फडकं बाथरूमच्या दारातच ठेवलं. आणि डोकं तापलं की मी बाजूला व्हायचं, नवऱ्याने पुढे यायचं, हे ठरवून घेतलं. त्यातही पुष्कळदा चुकले.

ज्या काकूंनी आमच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला त्यांना मी हे सगळं लिहून पाठवलंय. बहिणीला रात्री एवढंच कळवलं: आधी डॉक्टरांना दाखव, शी मऊ होऊ दे, मग पॉटीचं बघू. उद्या सकाळी तिला डायपर घाल. तुझं काही चुकलेलं नाही. आता झोप.