जुन्या जोत्याचा पुरावा कोठे आहे? किनाऱ्यावरील उपाहारगृहांच्या पुनर्बांधणीविषयीच्या एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

गोव्याच्या किनाऱ्यावर एखाद्या जुन्या उपाहारगृहाच्या जागी नवे बांधकाम सुरू झाले आणि गावकऱ्यांनी त्याचे कागद पाहायला मागितले की, थोड्याफार फरकाने एकच संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो: उपाहारगृह पूर्वीपासूनच तेथे होते, जागा मालकाची आहे, सर्व परवानग्या मिळालेल्या आहेत, आराखडे आणि करार ही धंद्याची खाजगी बाब आहे, कागद मागणारे मूठभर लोक गावाचा रोजगार बुडवीत आहेत, आणि एवढे करूनही कोणाला हरकत असेल, तर त्याने न्यायालयात जावे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत हंगामाच्या कमाईवर वर्ष काढणारी कुटुंबेही आहेत. त्यांची भीती खरी आहे, आणि म्हणूनच त्या संदेशातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

"उपाहारगृह पूर्वीपासूनच तेथे होते" हे विधान सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण उरलेला सारा युक्तिवाद त्याच्यावरच उभा आहे. किनारी नियमन क्षेत्राची, म्हणजे किनाऱ्यालगत काय बांधता येते हे ठरवणारी, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली आणि ६ जानेवारी २०११ रोजी तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. गोव्याचा किनारी व्यवस्थापन आराखडा या दुसऱ्या अधिसूचनेवर आधारलेला असून तो सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला. गावांतील किनारे बहुतांशी ज्या तिसऱ्या वर्गात मोडतात, त्या वर्गात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. तेथे नवे पक्के उपाहारगृह बांधता येत नाही; मात्र अस्तित्वात असलेल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, आणि तीही मूळचा चटई निर्देशांक (भूखंडाच्या तुलनेत एकूण बांधकामाचे प्रमाण), मूळचे जोत्याचे क्षेत्रफळ व मूळची घनता ओलांडली जाणार नाही या अटीवर. म्हणजे किनाऱ्यावरच्या पुनर्बांधणीला कायद्याने जी वाट ठेवली आहे, ती पूर्णपणे जुन्या इमारतीच्या मोजमापावर अवलंबून आहे. जुने बांधकाम अधिकृत होते का, केव्हाचे होते आणि त्याचे जोते किती चौरस मीटरचे होते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय नव्या बांधकामाविषयी अनुकूल किंवा प्रतिकूल असे काहीच म्हणता येत नाही.

ही उत्तरे आठवणींतून मिळत नाहीत. "माझ्या लहानपणी तिथे चहाचे दुकान होते" असे गावातील अनेक जण प्रामाणिकपणे सांगतील, परंतु चहाच्या दुकानाच्या जोत्यावर दोन मजली उपाहारगृह पुनर्बांधणी म्हणून उभे राहू शकत नाही. त्यासाठी जुना सर्वेक्षण नकाशा, एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमीन-नोंदीचा दाखला), मूळ बांधकाम परवाना आणि त्याला जोडलेला मंजूर आराखडा पाहावा लागतो. घरपट्टीच्या पावत्या अनेकदा पुरावा म्हणून पुढे केल्या जातात. त्या पावत्यांवरून कर भरला गेला एवढेच सिद्ध होते, बांधकाम अधिकृत होते हे सिद्ध होत नाही. हंगामी शॅकचा, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खोपटवजा उपाहारगृहाचा, प्रश्न तर त्याहून निराळा आहे. २०११ च्या अधिसूचनेने गोव्यासाठी केलेल्या विशेष तरतुदीत सप्टेंबर ते मे या काळात परंपरेने उभारल्या जाणाऱ्या, निव्वळ तात्पुरत्या बांधकामांना मुभा दिलेली आहे. जे बांधकाम पावसाळ्यापूर्वी उतरवायचे आहे त्याला पक्के जोते असण्याचे कारणच नाही, आणि म्हणून माडाच्या झावळ्यांच्या शॅकच्या जागी काँक्रीटचे खांब उभे राहिले तर त्याला पुनर्बांधणी म्हणता येणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि कागद वेळेवर मागण्याचे खरे कारण तीच आहे. पुनर्बांधणीत जुनी इमारत आधी पाडली जाते. ती पाडली गेली की मोजता येण्याजोगे जोते नाहीसे होते. त्यानंतर जुने क्षेत्रफळ किती होते हे केवळ कागदावरून कळू शकते, आणि ते कागद अर्जदाराच्या व खात्याच्या ताब्यात असतात. तेव्हा पाडकामापूर्वीची मोजणी, तिची छायाचित्रे आणि मंजूर आराखडा पंचायतीच्या फलकावर लावा, ही मागणी कामात खोडा घालण्यासाठी केलेली नाही. पुढे वाद झालाच तर तो सोडवण्याचे साधन शिल्लक राहावे, एवढाच तिचा हेतू आहे.

जागा मालकाची असल्याचे विधान अनेक ठिकाणी खरेही असते. परंतु किनाऱ्यावरच्या मालकीच्या जागेला लागून जी वाळू असते ती मालकाची नसते, आणि त्या वाळूपर्यंत जाणारी वाट हा लोकांचा हक्क असू शकतो. याचा निवाडा गोव्यातच झालेला आहे. दोनापावल येथील वायंगिणी किनाऱ्यावरच्या सिदाद द गोवा या पंचतारांकित हॉटेलासाठी शासनाने जमीन संपादित केली, तेव्हा १९८३ साली कंपनीशी करार झाला. किनाऱ्यावर जाण्याचा लोकांचा मार्ग खुला राहील, अशी त्यात अट होती. त्या वेळच्या भूसंपादन कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार असा करार राजपत्रात प्रसिद्ध करणे बंधनकारक होते, आणि प्रसिद्ध झाल्यावर लोकांच्या वापराविषयीच्या त्यातील अटींना कायद्याचेच बळ मिळत असे. पुढे हॉटेलाच्या वाढीव बांधकामामुळे ती वाट अडली, प्रकरण उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. समुद्रकिनाऱ्यासारखी संपत्ती शासन लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते, हे तत्त्व न्यायालयाने त्या निकालात ठामपणे मांडले. त्यानंतर त्याच वर्षी गोवा शासनाने भूसंपादन कायद्यात, त्या निकालाचा परिणाम पुसून टाकणारी, पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली, हेही येथे नमूद केले पाहिजे. तो शेवट मला अजूनही खटकतो. तरीही लोकांना इतकी वर्षे लढता आले, ते करार राजपत्रात छापलेला होता आणि त्यातील अटी कोणालाही वाचता येत होत्या म्हणून. तोच करार कपाटात राहिला असता, तर वाट अडवली गेल्याची तक्रार करणाऱ्यांकडे वहिवाटीच्या सांगोवांगीपलीकडे फारसे काही उरले नसते.

"सर्व परवानग्या मिळालेल्या आहेत" असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा कोणत्या, कोणाकडून आणि कोणत्या सर्व्हे क्रमांकासाठी, हे सहसा सांगितले जात नाही. पंचायतीचा बांधकाम परवाना, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता, किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची मंजुरी, सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला या निरनिराळ्या बाबी आहेत, आणि एक असली म्हणजे दुसरी आपोआप मिळत नाही. केरळातील मरडू येथे याची किंमत सामान्य माणसांनी मोजली. तेथील चार गृहसंकुलांना २००६ मध्ये स्थानिक पंचायतीने परवाने दिले होते, परंतु किनारी प्राधिकरणाची मंजुरी घेतलेली नव्हती. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश दिला, ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी ती स्फोटकांनी जमीनदोस्त करण्यात आली, आणि आयुष्यभराची पुंजी घालून घरे घेतलेल्या कुटुंबांना २५ लाख रुपयांच्या अंतरिम भरपाईवर बाहेर पडावे लागले. त्यांच्या हातात पंचायतीचा परवाना होताच; कोणती मंजुरी घेतलेली नाही, ते मात्र कोणी वेळीच उघड केले नाही.

उपाहारगृहाचेच उदाहरण पाहायचे असेल तर ते हणजूणच्या किनाऱ्यावर आहे. तेथील कर्लीज हे बांधकाम पाडण्याचा आदेश किनारी प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, तो कायम ठेवला. यंत्रे लावून पाडकाम सुरू झाले त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने एका विशिष्ट सर्व्हे क्रमांकातील भागापुरती, तेथे व्यवसाय न करण्याच्या अटीवर, स्थगिती दिली. उरलेला भाग पाडला गेला. ज्या उपाहारगृहाकडे गिऱ्हाईक एकसंध वास्तू म्हणून पाहत होते, त्याचे भवितव्य शेवटी कोणता भाग कोणत्या सर्व्हे क्रमांकात येतो यावर ठरले. हा तपशील मालकाला, कामगारांना आणि गावाला अगोदरपासून ठाऊक असता, तर २०१६ ते २०२२ ही वर्षे टांगणीला लागून गेली नसती.

आता खाजगीपणाविषयी. उपाहारगृहाचा नफा किती, भागीदारांत त्याची वाटणी कशी होते, मासळी कोणाकडून आणि कोणत्या दराने घेतली जाते, हे गावाने विचारू नये, आणि विचारलेही जात नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ड) मध्ये व्यापारी गुपितांना संरक्षण आहे, आणि तेथेही व्यापक सार्वजनिक हिताचा अपवाद ठेवलेला आहे. परंतु शासनाकडे केलेला अर्ज, त्यासोबतचा १:४००० प्रमाणाचा किनारी नकाशा, त्यावर आखलेली भरतीरेषा आणि शासनाने दिलेले मंजुरीपत्र यांत व्यापारी गुपित कोणते? २०११ च्या अधिसूचनेने किनारी प्राधिकरणांवर, कामकाजात पारदर्शकता राहावी याच कारणासाठी, स्वतंत्र संकेतस्थळ ठेवून बैठकांच्या विषयपत्रिका, इतिवृत्ते, निर्णय, मंजुरीपत्रे, उल्लंघने आणि त्यांवरील कारवाई प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली आहे. मंजुरी मिळालेल्याने अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल दर वर्षी १ जून आणि ३१ डिसेंबर रोजी सादर करायचा असतो, आणि त्याची प्रत प्राधिकरणाकडे अर्ज करणाऱ्या कोणाही व्यक्तीला द्यावी, असे त्या अधिसूचनेत लिहिलेले आहे. त्यात शेजारी, गावकरी किंवा बाधित अशी अट नाही. तेव्हा कागद मागणारा माणूस कोणाच्या खाजगी व्यवहारात डोकावत नसून, कायद्याने आधीच उघड ठरवलेली माहिती मागत असतो.

रोजगाराच्या मुद्द्यावर मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर मतभेद फार नाहीत. स्वयंपाकी, वेटर, टॅक्सीचालक आणि खोल्या भाड्याने देणारी घरे किनाऱ्यावरच्या व्यवसायावर जगतात. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारे मच्छीमारही त्याच वाळूवर जगतात, आणि नव्या बांधकामाच्या कुंपणाने होडी ओढण्याची जागा गेली तर तोही रोजगारच बुडतो. त्यांची गणना मात्र या संदेशात होत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथील कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांना तर अधिसूचनेत स्वतंत्र संरक्षण आहे, आणि तेथे येणारा पर्यटक त्या संरक्षणामुळेही येतो. शिवाय ज्या बांधकामाची कागदपत्रे तपासात टिकत नाहीत, त्याला टाळे लागते तेव्हा पहिल्यांदा घरी बसतो तो कामगारच. गुंतवणूकदार आपला पैसा दुसऱ्या किनाऱ्यावर नेऊ शकतो.

राहिला न्यायालयात जाण्याचा सल्ला. राष्ट्रीय हरित लवाद कायदा, २०१० च्या १६ व्या कलमाखालील अपील आदेश कळवला गेल्यापासून ३० दिवसांत करावे लागते, आणि सबळ कारण असेल तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंतच मुदत वाढवून देऊ शकतो. १४ व्या कलमाखालील अर्जाला वादाचे कारण प्रथम निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांची मर्यादा आहे, आणि तीही फार तर ६० दिवसांनी वाढते. दुसरीकडे, माहिती अधिकाराच्या साध्या अर्जाला उत्तर देण्यासाठीच कार्यालयाला ३० दिवसांचा अवधी असतो. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पहिल्या अपिलात आणखी ३० ते ४५ दिवस जातात. मंजुरीपत्र संकेतस्थळावर नसेल, बांधकामाच्या जागी फलक नसेल आणि पंचायतीत आराखडा दाखवला जात नसेल, तर गावकऱ्याने न्यायालयात जायचे ते कोणत्या आदेशाविरुद्ध आणि कोणती तारीख धरून? जो पक्ष खरोखरच न्यायालयीन तपासणीला तयार आहे, त्याने मंजुरीपत्राची प्रत, किनारी नकाशा, जुन्या जोत्याची मोजणी आणि नव्या बांधकामाचा आराखडा पाडकाम सुरू होण्यापूर्वी पंचायतीत ठेवावा आणि पुढच्या ग्रामसभेत त्यावर प्रश्न विचारू द्यावेत. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही, आणि कागद ठीक असतील तर त्या सभेनंतर बांधकाम थांबवण्याचे कारणही कोणाजवळ राहणार नाही.