लेक व्ह्यू, अकरा महिन्यांसाठी

"लेक व्ह्यू आहे मॅडम," म्हणत ब्रोकरने बाल्कनीचं सरकतं दार असं उघडलं जसं काही पडदा वर गेला आणि आता तिसरी घंटा होणार. मी बाहेर बघितलं. समोर हिरवंगार सपाट मैदान, मधोमध एक बगळा शांतपणे चालत होता.

"ग्राउंड मस्त आहे हो, पण लेक कुठंय?"

"हेच लेक."

पुण्यातला पाषाण तलाव आम्ही पहिल्यांदा असा बघितला. पाणी खाली होतं म्हणे, वर जलपर्णी. "सिझनल आहे ते, निघून जातं," असं ब्रोकरने इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं खरंच मोहोरासारखं काहीतरी असेल. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही बाई दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे आणि मनासारखं खायला मिळालं की साधारण पंधरा दिवसांत दुप्पट होते. आणि खायला इथे भरपूर, कारण रामनदी येताना पाण्याबरोबर जे जे घेऊन येते ते सगळं हिच्याच ताटात.

पण तेव्हा आम्हाला फक्त एक गोष्ट हवी होती, शांतता. आधी आम्ही नळ स्टॉपजवळ राहायचो. तिथे मेट्रोचं काम काही वर्षं आमच्या बेडरूममधूनच चाललंय असं वाटायचं, धूळ खाल्ली, रस्ता कधी इकडून बंद कधी तिकडून बंद, आणि 6 मार्च 2022ला एकदाची वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली तेव्हा आमच्या घरमालकांनी सांगितलं की मुलगा परत येतोय, फ्लॅट रिकामा करा. सगळा त्रास आम्ही काढला आणि एसीत बसून जायची वेळ आली तेव्हा आम्ही टेम्पोत बसून निघालो. हौस म्हणून एकदा चढलो होतो मेट्रोत, तेवढंच.

तर पाषाण. करार करायला घरी एक मुलगा आला, लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन. आपल्याकडे 1999चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याप्रमाणे हा करार लेखी आणि रजिस्टर करावाच लागतो, त्यातून सुटका नाही, तरी सगळे अकराच महिन्यांचा का करतात ते त्या मुलालाही सांगता आलं नाही, "तसंच असतं मॅडम" म्हणाला. नवऱ्याचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. माझा सहा वेळा लागला नाही. "भांडी तुम्ही घासता का?" मुलाने विचारलं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने बाहेर, मैदानाकडे, म्हणजे तलावाकडे बघितलं.

कराराच्या शेवटी सामानाची यादी होती. पंखे 4, ट्यूबलाईट 5, गिझर 1, वेताची खुर्ची 1 (बाल्कनी). मी न वाचता सही केली. ही खुर्ची नीट वाचायला हवी होती.

ओनर काका कोथरूडला राहतात, रिटायर्ड, स्वभावाने अगदी सज्जन. किल्ली देताना म्हणाले, "मी अधूनमधून येईन हं, पक्षी बघायला. तुम्हाला काही त्रास नाही, मी आपला माझ्या खुर्चीत बसेन." आम्ही हसलो. मोठी माणसं बोलतात असं काहीतरी, म्हणून सोडून दिलं.

पहिल्या संध्याकाळी सव्वासहाला अख्ख्या बिल्डिंगमध्ये खडखड खडखड आवाज सुरू झाला. भूकंप की काय म्हणून जिन्यात पळाले तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं बाहेर काय आलीस, खिडक्या लाव आधी!" साडेसहाच्या आत सगळ्या खिडक्या बंद, हा इथला अलिखित कायदा. आम्ही सातला लावल्या. त्या अर्ध्या तासात जे आत आले ते, मला वाटतं, अजूनही आमच्याकडेच राहतात, आणि त्यांचं पोलिस व्हेरिफिकेशनसुद्धा झालेलं नाही.

या काकू कॉलेजात झूलॉजी शिकवायच्या, त्यामुळे आमच्याकडे डास मारायच्या आधी ओळखावा लागतो. रात्री चावतो तो क्युलेक्स, त्याला साठलेलं घाण पाणी आवडतं. दिवसा चावतो तो पट्टेरी एडिस, त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. म्हणजे तलाव घाण राहिला की रात्रपाळी, आणि मी कुंड्यांखालच्या ताटल्या धुऊन पुसून त्यात पाणी ठेवलं की दिवसपाळी. "आणि चावतात त्या फक्त माद्या हं," काकू म्हणाल्या, "नर बिचारे फुलांचा रस पिऊन राहतात." त्याच आठवड्यात जलपर्णीला जांभळी फुलं आली होती. नवरा बराच वेळ त्या फुलांकडे समाधानाने बघत उभा होता. मी त्याला रॅकेट आणून दिली.

चार्जिंगची रॅकेट हा आता त्याच्या हाताचाच भाग आहे. फोनवर ऑफिसचा कॉल चालू असतो, हा "येस, येस, आय अॅग्री" म्हणत घरभर फिरतो आणि मध्येच चट्! समोरचा विचारतो नेटवर्क प्रॉब्लेम आहे का.

आता शांततेचं सांगते. दिवसा खरंच शांत असतं, इतकं की डिलिव्हरीवाल्याचा फोन आला तर आपणच दचकतो. "मॅडम, लोकेशन पाण्यात दाखवतंय," हे आमच्या पत्त्याचं पहिलं वाक्य आहे. सुरुवातीला मी समजावायचे, आता म्हणते, "पाण्याच्या काठाकाठाने या, जिथे वास संपतो तिथे डावीकडे."

रात्री मात्र टिटवी. ती एक वाजता सुरू होते आणि जलपर्णीवर इकडून तिकडे कुणावर तरी आरोप करत फिरते. इंग्रज म्हणे तिचं ओरडणं 'डिड ही डू इट' असं ऐकायचे. मला स्पष्ट 'डि-पॉ-झिट, डि-पॉ-झिट' ऐकू येतं. सासूबाई चार दिवस राहायला आल्या होत्या, त्यांना तर ऐकवेचना, टिटवी रात्री ओरडणं वाईट असतं म्हणाल्या, जागा बदला. मी म्हटलं, आई, ती रोज ओरडते, म्हणजे रोजच काहीतरी वाईट व्हायला पाहिजे. तेवढ्यात लाईट गेले.

जूनमध्ये बेडूक आले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, ते डास खातात असं ऐकून आहे, पण आमच्याकडच्यांची भूक कमी असावी. पावसाचं सांगायचं तर, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आमच्या पाषाणातच आहे, मान्सूनवर मोठमोठं संशोधन तिथे चालतं, आणि त्यांच्यापासून इतक्या जवळ राहूनसुद्धा मी कपडे वाळत घातले की पंधराव्या मिनिटाला सर येते. त्यांचा दोष नाही, ते मान्सूनचा अभ्यास करतात, माझ्या दोरीचा नाही.

आणि मग तो चांदणी चौकातला पूल. 2 ऑक्टोबर 2022, मध्यरात्री एकच्या सुमाराला पाडणार होते, 600 किलोच्या आसपास स्फोटकं भरलेली. शांत भागात राहायला आलो आणि चार महिन्यांत दोनेक किलोमीटरवर स्फोट, हे फक्त आमच्याच नशिबात असू शकतं. अख्खी सोसायटी गच्चीवर जमली होती, कुणी थर्मासमधून चहा आणला, कुणी कानात कापूस घालून आलं, झूलॉजीच्या काकूंनी सगळ्यांना ओडोमॉस वाटलं. काउंटडाऊन टीव्हीवर बघायचा आणि आवाज गच्चीवर ऐकायचा असा प्लॅन होता. तर धप्प! एवढाच आवाज. टिटव्यासुद्धा क्षणभरच गप्प बसल्या. खाली येऊन बघतो तर धूळ बसल्यावर पूल बराचसा उभाच, मग उरलेला मशीन लावून खाली ओढला. पुण्यातला पूल तो, एकदा सांगितल्यावर ऐकला असता तर आश्चर्य.

थंडी पडली आणि काका आले.

रविवारी सकाळी सव्वासहाला बेल. दारात काका, गळ्यात दुर्बीण, डोक्याला माकडटोपी, काखेत स्वतःचा थर्मास. "झोपा तुम्ही, झोपा," म्हणत आमच्या बेडरूममधून थेट बाल्कनीत, कारण बाल्कनी बेडरूमलाच आहे. कर्र असा त्या वेताच्या खुर्चीचा आवाज आला आणि मग दोन तास आम्ही पांघरूण नाकापर्यंत ओढून आमच्याच घरात पाहुण्यासारखे पडून. मध्येच काका हळू आवाजात, पण आनंदाने, "आहाहा! खंड्या!" दुसऱ्या रविवारी मित्राला घेऊन आले, तोफेएवढी लेन्स घेऊन. तिसऱ्या रविवारी मीच सहाला उठून केस विंचरून बसले.

तक्रार करणार कशी, माणूस चांगला. मला शिकवायला लागले. हा वंचक, ही जांभळी पाणकोंबडी, बघ कशी जलपर्णीवरून ऐटीत चालतेय. पहिल्या दिवशी 'तुम्ही' म्हणणारे काका जानेवारीपर्यंत 'अगं ए' वर आले होते. मी म्हटलं, काका, ही जलपर्णी एकदा काढायला पाहिजे हो, डासांनी जीव नकोसा केलाय. काका माझ्याकडे असं बघायला लागले जसं मी देवघर पाडायला सांगितलंय. "अगं, मग या पाणकोंबड्या कुठे जातील?"

एप्रिलात एके दिवशी खरंच मशीन आलं. आठ-दहा दिवस घरघर घरघर, काठावर हिरवे ढीग, वास विचारू नका. पण एका संध्याकाळी बाल्कनीत गेले तर समोर पाणी! खरं पाणी, त्यात सूर्य बुडत होता, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं, नवऱ्याने रॅकेट खाली ठेवली. मी फोटो काढला, भान विसरून स्टेटसला टाकला, आणि रात्री काकांचा फोन आला.

"फोटो बघितला. सुंदर! आता म्हणजे खरा लेक व्ह्यू झाला, नाही का? मी म्हटलं करार संपतोय मे महिन्यात, तर दहा टक्के..."

चोवीस हजारांचे सव्वीस हजार चारशे झाले. पुन्हा तोच मुलगा, तेच मशीन, माझा अंगठा या वेळी सातव्यांदा लागला. यादीत पंखे 4, ट्यूबलाईट 5 आणि वेताची खुर्ची 1. मी हट्टाने एक ओळ वाढवून घेतली, डासांची रॅकेट 1 (भाडेकरूची).

दिवाळीपर्यंत मैदान परत आलं होतं. आधी कडेला एक पट्टा, मग मधे बेटं, मग बगळा पुन्हा मधोमध चालायला लागला. मी काकांना फोन केला, म्हटलं पाणी गेलं, आता भाड्याचं काय. काका म्हणाले, "पाणकोंबड्या आल्या का?" पाणी दिसलं की काकांचं भाडं वाढतं, पाणी झाकलं की काकांचे पक्षी वाढतात. असा धंदा मी तरी दुसरा बघितला नाही.

गेल्या रविवारी काका त्यांच्या खुर्चीत आणि मी शेजारी स्टूलवर, हातात रॅकेट. नवरा आत पांघरुणात. पावणेसात झाले असतील, म्हणजे रात्रपाळी सुटून दिवसपाळी चढायची वेळ. गरम होतंय म्हणून काकांनी माकडटोपी काढली आणि एक पट्टेरी डास येऊन बरोबर टकलाच्या मध्यावर बसला. मी रॅकेट उचलली.

"हलू नकोस," काका दुर्बिणीतून कुजबुजले, "समोर खंड्या बसलाय."

मी हलले नाही. ती पोटभर जेवली आणि सावकाश उडत आमच्या बेडरूममध्ये गेली.