वांद्रे सात बेटांत नव्हतं

पावसाळा आला की हा मेसेज फिरतोच: ‘मुंबई म्हणजे सात बेटं. इंग्रजांनी समुद्रात भराव घालून वांद्रे, अंधेरी, बोरिवली वसवली, म्हणून उपनगरं बुडतात.’

सात बेटं कुठली? कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. यादी माहीमला संपते. खाडीपलीकडचं वांद्रे साष्टीतलं, आणि साष्टी हे पार ठाण्यापर्यंत पसरलेलं वेगळं, मोठं बेट. पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाहाच्या 1661च्या तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, साष्टी मात्र पोर्तुगीजांनी सोडली नाही. पुढे 1737 ते 39च्या मोहिमेत मराठ्यांनी ती जिंकली. इंग्रजांनी 1774मध्ये ठाणं घेतलं आणि 1782च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं माहीमच्या खाडीत दोन सत्तांची हद्द होती! माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता झाला तो थेट 1845मध्ये. मुंबईच्या महापालिकेत वांद्रे आलं 1950ला, बोरिवली आणि मुलुंड 1957ला.

आता भराव. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघा: सुमारे 60 मीटर उंच, बेसॉल्टचे उभे खांब, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. बोरिवलीच्या डोंगरातली कान्हेरीची लेणी दोन हजार वर्षं जुनी. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज चर्च 1575चं, म्हणजे राजाकडून ईस्ट इंडिया कंपनीला 1668मध्ये मुंबई मिळण्याच्या 93 वर्षं आधीचं. उपनगरांत भराव आहे, पण ठरावीक जागी. वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीकाठच्या दलदलीवर उभं राहिलं, तेही स्वातंत्र्यानंतर.

पाणी का तुंबतं, हे नीट समजून घ्यायला हवं. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम 74. विहार आणि पवई तलावांचा सांडवा मिठीत येतो, ती पुढे दाट वस्तीतून माहीमच्या खाडीला मिळते. भराव आणि बांधकामांनी तिचं पात्र आवळलं आहे. त्यात मोठी भरती आली की खाडीची पातळी चढते, नाल्यांचं पाणी बाहेर पडत नाही, उलट मागे फुगतं. सांताक्रूझच्या मिलन सबवेचं दुखणं आणखी सरळ आहे: रस्ता रेल्वेखालून जाण्यासाठी खोल उतरवला आहे, भोवतालचं पाणी तिथेच जमतं आणि पंपाने उपसावं लागतं.