रिकामटेकड्याचं उत्तर

नमस्कार. मी राहतो त्या बेळगावात आणि आसपास मित्रांसोबत केलेल्या सहलीवरच्या 'आपल्याच गावात तीन दिवस' या माझ्या पोस्टखाली 'मूळचा बेळगावकर, सध्या पुणे' अशा नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच दोन ओळीत उत्तर द्यायला बसलो होतो. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, चहा घेतला, परत लिहिल्या. मग ठरवलं की सविस्तरच लिहू. म्हणजे मनात काही राहायला नको.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो: 'स्वतःचं घर असलेल्या गावात लॉजवर दोन रात्री काढायच्या आणि त्याला सहल म्हणायचं, यासाठी माणूस फारच रिकामटेकडा असावा लागतो. गोकाकच्या धबधब्याची उंची चुकली आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे पाणी नसतं, लोकांना कशाला पाठवता? खानावळवाल्याचं इतकं कौतुक केलंय की बिल कोणी दिलं असा प्रश्न पडतो. आणि बेळगावातल्या मराठी माणसाने कानडीत ऑर्डर देताना जरा विचार करावा.'

आधी माझी चूक. उंची 52 फूट अशी पडली होती, ती 52 मीटर हवी, म्हणजे साधारण 170 फूट. दुरुस्त केली. चूक दाखवणाऱ्याचे आभार मानायची आमच्या घरची पद्धत आहे, म्हणून आभार. पण चूक दाखवायचीही एक पद्धत असते, आणि ती पुण्याला गेल्यावर विसरते असं दिसतं. असो.

आता 'रिकामटेकडा'.

साहेब, हा शब्द तुम्ही सहज टाकला असेल. आमच्या घरात तो शिवीच्या जागी वापरला जायचा. माझे वडील वडगावात दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला होते. त्यांची सुट्टी म्हणजे लाईट गेलेली. माग बंद पडला की गल्लीतला खटखटाट एकदम थांबायचा आणि बापे दारात येऊन उभे राहायचे. हात कुठे ठेवायचे ते कळायचं नाही त्यांना. आजी आतून ओरडायची, 'काय रिकामटेकड्यागत उभा ऱ्हायलास, दळण तरी घेऊन ये.' लाईट जाण्यात त्यांचा काय दोष? पण ते पिशवी घेऊन निघायचे. चाळीस वर्षांत या माणसाने मजेसाठी केलेला प्रवास मला आठवत नाही. पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माला जायचे, ते नवसासाठी. भंडाऱ्याने पिवळी झालेली टोपी आई दोन-दोन दिवस भिजत घालायची. एकदा कोल्हापूरला गेले, ते डोळ्यासाठी. रंकाळा बघितला का म्हणून विचारलं तर म्हणाले, 'डोळ्यावर पट्टी होती की.'

मी स्वतः उद्यमबागेत फौंड्रीत 27 वर्षं काढली. भट्टीसमोर. माझाही हिशेब सांगतो, कारण तुम्ही विचारला नसला तरी शब्द तसाच वापरला आहे. पुण्याला गेलो मुलाच्या ॲडमिशनसाठी, बंगळूरला गेलो एका कागदासाठी (तीनदा, कागद एकच), गोव्याला गेलो कास्टिंग पोचवायला कंपनीच्या ट्रकमधून. चोर्ला घाट रात्री दोन वाजता उतरलो, म्हणजे बघितलाच नाही. आणि ज्या गावात जन्मलो ते गाव? घर ते फौंड्री, फौंड्री ते घर, रविवारी गणपत गल्लीत बाजार. सीमेवरच्या माणसाला आपलं गाव बघायला कुणी सांगत नाही. बाहेरचे लोक इथे येतात ते सभेला, मोर्चाला, नाहीतर लग्नाला. डिसेंबर आला की कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या बंदोबस्तात आमच्याच रस्त्यांना आम्हाला वळसा घालून जावं लागतं. त्यामुळे निवृत्तीनंतर पहिल्यांदा मी माझ्याच गावात पाहुणा झालो, तर तुमच्या पोटात का दुखावं? तुम्ही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गाव सोडलंत. चांगलं केलंत, नोकरी तिकडे होती. पण 'मूळचा' म्हणवून घेणाऱ्याने राहिलेल्यांचा वेळ मोजू नये.

लॉजचंही सांगतो. माझं घर दोन खोल्यांचं. आम्ही चौघे होतो: धारवाडचे सर, कोल्हापूरच्या ताई, सावंतवाडीचा एक मुलगा जो आंबोलीवरून बाईक हाणत आला, आणि मी. नऊ वर्षं एकमेकांचं लिखाण वाचतोय, भांडतोय, वाढदिवसाला शुभेच्छा देतोय, आणि एकदाही भेट नाही. बसस्टँडवर धारवाडच्या सरांना मी ओळखलंच नाही. त्यांचं लिखाण वाचून मला ते सहा फूट वाटायचे. हातात पेढ्याचा पुडा होता म्हणून कळलं. पहिला अर्धा तास कुणाला काय बोलावं कळेना. लिहिताना फाडफाड बोलणारी माणसं समोर आल्यावर 'प्रवास कसा झाला' यावर अडकली. मग ताईंनी मिसळीचा विषय काढला, आणि जे भांडण सुरू झालं ते रात्री दीडपर्यंत. ते रात्री दीडपर्यंतचं बसणं घरी कसं करणार? सासूबाईंना रात्री झोप लागत नाही, बारीक आवाजानेही जाग येते. म्हणून मीही लॉजवर.

तर लॉजच्या काउंटरवर आधार कार्ड दिलं. पोरगा पत्ता वाचून म्हणाला, 'सर, लोकल ॲड्रेसला रूम देत नाही आम्ही. रूल हाय.' मी म्हणालो, अरे बाबा, पाहुणे आहेत सोबत. तर मला वरून खालपर्यंत बघून म्हणाला, 'घरात काय भांडण झालंय काय सर?' ताई हसून हसून खाली बसल्या. मी पिशवी उचलून निघालो तर वर तोच मला 'कुठं जाऊलालाय सर, बसा की' म्हणाला. शेवटी खोली धारवाडच्या सरांच्या नावावर लागली आणि माझं नाव वहीत 'सोबत एक' असं पडलं. हे मी मूळ पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, लाज वाटली म्हणून. आता तुमच्यामुळे लिहावं लागलं.

त्या दोन रात्रींनी काय दिलं? पहाटे पाचला खिडकीतून खडे बाजार बघितला. शटर सगळी खाली, एक म्हातारी कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या पोत्यावर मांडत होती, आणि रस्ता इतका रुंद आहे हे मला 58 व्या वर्षी कळलं. सरांना टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघायची होती. 1924 चं काँग्रेस अधिवेशन बेळगावात झालं, गांधीजी अध्यक्ष होते, आयुष्यात ते एकदाच काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते इथे. पाण्याची सोय म्हणून तेव्हा ती विहीर खणली. हे मला शाळेपासून पाठ आहे. पण त्या विहिरीच्या कठड्यापाशी मी शेवटचा कधी थांबलो होतो? सातवीत, गुरुजींनी नेलं होतं तेव्हा. रोज त्या बाजूने कामाला गेलो. सर धारवाडहून येऊन तिथे वीस मिनिटं उभे राहिले आणि मी बाजूला उभा राहून त्यांना माहिती देत होतो, गाईडसारखी, जणू माझी रोजची ओळख आहे.

आणि मांडे. तुम्ही मूळचे बेळगावकर, म्हणजे लग्नात पानावर वाढलेला मांडा खाल्ला असणारच. करताना बघितलाय? मी नव्हता बघितला. शहापुरात एका ओळखीच्या काकूंकडे गेलो. त्यांनी पिठीसाखर, खसखस, वेलची भरलेला गोळा आधी पोळपाटावर लाटला, मग दोन्ही हातांवर घेतला आणि मनगटांवरून, कोपरापर्यंत फिरवत फिरवत वाढवत नेला. इतका पातळ की पलीकडून त्यांच्या बांगड्या दिसत होत्या. एक क्षण थांबला असता तर फाटला असता. तो उचलून पालथ्या खापरावर टाकला. साखर आत विरघळल्याचा वास आला तोच काढून गरम गरम घडी घातली, कारण गार झाला की कडक होतो, मग घडी पडत नाही, तुकडे पडतात. सावंतवाडीचा मुलगा व्हिडिओ काढत होता, त्याने मध्येच मोबाईल खाली केला आणि नुसता बघत राहिला. काकू म्हणाल्या, 'आता पोरींना हात भाजून घ्यायचं नको असतंय.' चाळीस वर्षं मी लग्नात मांडा मोडून दुधात कालवून खातोय आणि एकदाही मागे स्वयंपाकघरात डोकावलो नाही. याला रिकामटेकडेपणा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मला तर वाटतं इतकी वर्षं मी फार कामात होतो हीच चूक झाली.

तुम्ही पुढे कुठे तरी असंही सुचवलंय (दुसऱ्या प्रतिक्रियेत, जी नंतर तुम्हीच काढलीत, पण मी वाचली होती) की फिरायचंच तर माणसाने लेह-लडाखला जावं, देश केवढा पडलाय. जा ना. कोण अडवतंय? पण देश वडगावच्या नाक्यापासूनच सुरू होतो, हे लक्षात असू द्या. आम्ही तिसऱ्या दिवशी खानापूरच्या पुढे हलशीला गेलो. कदंबांची जुनी पलाशिका ती. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एका देवाला हात जोडले की दुसऱ्याकडे पाठ होते, म्हणून ताई मध्ये उभ्या राहून आडव्या वळल्या आणि दोन्हीकडे मान झुकवली. आमच्याशिवाय तिथे फक्त एक झाडणारी बाई होती. यासाठी विमानाचं तिकीट लागलं नाही.

बाकीचे मुद्दे पटकन घेतो, कारण त्यात फारसं काही नाही.

गोकाकला पाणी कमी होतं हे मी लिहिलं होतं. आठव्या परिच्छेदाच्या शेवटी आहे, कंसात. वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं. घटप्रभेचं पाणी वर हिडकल धरणात अडवलेलं असतं, त्यामुळे मार्चमध्ये खडकच दिसणार. खरा धबधबा जुलैनंतर. पण झुलता पूल बारा महिने झुलतोच.

कानडीचं म्हणाल तर 'इन्नोंदु रोट्टी कोडरी' (आणखी एक रोटी द्या) म्हटल्यावर रोटी गरम येते आणि सोबत एण्णेगायीचं, म्हणजे भरल्या वांग्याच्या भाजीतलं, एक वांगं जास्त पडतं. माझी आई शनिवारच्या बाजारात कानडीत घासाघीस करायची आणि मराठीत देवाला नमस्कार करायची. तिला कुणी विचार करायला सांगितला नाही. गोकाकचा करदंट, ती डिंक-सुकामेव्याची मिठाई, आपण सगळे खातो; तो शब्द म्हणजे कानडीत तळलेला डिंक, हे धारवाडच्या सरांनी सांगेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. माझं मराठी एवढ्याने पातळ होत नाही. सीमाप्रश्नावर तुमच्याइतकंच मलाही मत आहे, आणि ते मत घेऊन मी इथेच राहतो.

राहिलं बिल. जेवणाचे पैसे आम्ही दिले. दुसऱ्या दिवशीचा नाश्ता मालकाने घेतला नाही, पण तो वयाचा मान म्हणून, लिखाणाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि निघताना हातात ठेवलेला कुंद्याचा (आमच्याकडची दुधाची मिठाई) डबा काही बिलात धरायचा नसतो, घरी आलेल्याला कुणी रिकामं पाठवत नाही. शेंगाचटणी खरंच चांगली होती. हा विषय इथे संपला.

ऑगस्टमध्ये गोकाकला पाणी असतं तेव्हा आम्ही परत भेटतोय. तुम्हालाही निमंत्रण आहे, रागाने नाही, खरंच. मात्र येताना आधार कार्ड आणा. तुमच्या कार्डावर पत्ता पुण्याचा असेल, तुम्हाला बेळगावात खोली लगेच मिळेल. वहीत 'सोबत एक' म्हणून माझं नाव टाका.